उपाशीपोटी गोळी घेत होते, पण पोट उपाशी होतं कुठे? (माझा अनुभव)

मला डायबेटिस जुना, त्यात थायरॉइडची गोळी पण चालू. सगळं वेळच्या वेळी घेते तरी रिपोर्ट काही जागेवर येईनात. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी, गोळी कमी पडली की आकडा चढतो) एकदा छान यायचा, पुढच्या वेळी चढलेला, डोस वाढवला की एकदम खाली. आणि दर वेळी ठरलेला प्रश्न, "गोळी चुकते का?" रोज उठल्या उठल्या घड्याळ बघून गोळी घेणाऱ्या माणसाला हे विचारलं की डोकं फिरतंच.

शुगरचं तर त्याहून विचित्र. इन्सुलिन घेतलं, व्यवस्थित जेवले आणि तासाभरात दरदरून घाम, हात थरथरायला लागले, मीटरवर बघते तर ६२! जेवल्यावर शुगर कमी?? आणि मग तीन-चार तासांनी मधे काहीही न खाता २५० च्या वर. डोकं दुखलं म्हणून पॅरासिटामॉल घेतली तर तिचंही तेच, कधी अर्ध्या तासात आराम, कधी दोन तास झाले तरी ढिम्म फरक नाही.

शेवटी नवीन डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी शुगरचं, थायरॉइडचं बाजूला ठेवलं आणि विचारलं, "चार घासात पोट भरतं का? सकाळच्या ढेकरेला रात्रीच्या जेवणाचा वास येतो का?" येतो की! आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, बहुतेक गोळ्या जठरात फक्त विरघळतात, रक्तात जातात त्या पुढच्या लहान आतड्यातून. त्यामुळे जठराचं खालचं तोंड गोळीला पुढे सोडत नाही तोवर गोळी गिळली काय न गिळली काय. खूप वर्षांच्या डायबेटिसमध्ये पोटाची हालचाल चालवणारी व्हेगस नर्व्ह खराब होऊन पोट मंदावू शकतं, त्याला गॅस्ट्रोपॅरेसिस म्हणतात. म्हणजे माझं इन्सुलिन वेळेवर पोचत होतं आणि जेवणच उशिरा पोचत होतं. थायरॉइडची गोळी मी "उपाशीपोटी" घेत होते पण आत रात्रीचं जेवण अजून मुक्कामालाच, आणि त्या गोळीला तर अन्नाचं अजिबात जमत नाही.

पॅरासिटामॉलची गंमत नंतर वाचली. पोट किती वेगाने रिकामं होतं हे मोजायला संशोधक चक्क पॅरासिटामॉल देऊन रक्तातली पातळी बघतात. १९७३ मध्येच दाखवलं होतं की पोटाचा वेग वाढवणारं मेटोक्लोप्रामाइड दिलं तर पॅरासिटामॉल रक्तात लवकर चढतं आणि वेग कमी करणारं प्रोपॅन्थेलिन दिलं तर रेंगाळतं. एकूण औषध जवळपास तेवढंच अंगात जातं, फक्त उशिरा. पण डोकं आत्ता ठणकतंय त्याला उशिराचा काय उपयोग.

आधी एंडोस्कोपी, कुठे अडथळा नाही ना बघायला. मग गॅस्ट्रिक एम्प्टीइंग स्कॅन, म्हणजे पोट किती वेगाने रिकामं होतं ते बघायची टेस्ट. पोटाच्या वेगावर परिणाम करणारी औषधं दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद, रात्रीपासून उपास. खरं टेन्शन शुगरचं, कारण शुगर चढलेली असली की धडधाकट माणसाचंही पोट मंदावतं, म्हणून २७५ च्या खाली असली तरच टेस्ट करतात. तिथे अंड्याचा पांढरा भाग, त्यात टेक्नेशियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य अगदी थोडं, सोबत टोस्ट, जॅम आणि पाणी. दहा मिनिटांत संपवायचं. (टेक्नेशियमला चव नाही, पण त्या अंड्यालाही नव्हती.) मग कॅमेऱ्यासमोर एक मिनिट उभं राहायचं, आणि परत एक, दोन आणि चार तासांनी. मधे आडवं व्हायचं नाही, खायचं नाही, नुसतं बसून राहायचं.

शेजारी पार्किन्सन्सवाले एक काका बसले होते. काकू सांगत होत्या, "गोळी घेतली तरी कधीकधी तासभर यांचं पाऊल उचलत नाही." त्यांच्या त्या गोळीचं, लेव्होडोपाचं, माझ्यापेक्षा वाईट, ती जठरात अडकून राहिली तर नुसता उशीर होत नाही, तिथेच थोडी वायाही जाते.

माझा रिपोर्ट : दोन तासांनी ६८ टक्के पोटातच, चार तासांनी २७. चार तासांनी दहाच्या वर उरलं की पोट मंद धरतात. खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी हायसं वाटलं, निदान गोळी चुकवते हा आळ तरी गेला.

मग वेळापत्रक सगळं उलटंपालटं केलं. इन्सुलिन आता मीटर बघून जेवणानंतर, ते अर्थात मॅडमना विचारूनच, हे मनाने करू नका प्लीज. पॅरासिटामॉल पाण्यात विरघळणारी, कारण मंद पोटातूनही पातळ पदार्थ बहुधा लवकर सुटतात. एक कोटिंगवाली गोळी होती, आतड्यात पोचल्याशिवाय न फुटणारी, ती बदलली. असल्या अख्ख्या गोळीला जेवण पुढे सरकून रिकाम्या पोटाची जोरदार लाट यायची वाट बघावी लागते, ती लाट एरवी दीड-दोन तासांनी येते पण माझ्यासारख्यांची तीच कमकुवत. लवकर लागू पडावी म्हणून अशा गोळ्या कुटून घ्यायच्या नाहीत हेही मॅडमनी दोनदा बजावलं. रात्रीचं जेवण लवकर, थोडं, कमी तेलातुपाचं. थायरॉइडची गोळी सकाळीच पण भरपूर पाण्याबरोबर, नंतर तासभर काही नाही आणि कॅल्शियम चार तास लांब. मेटोक्लोप्रामाइड जेवणाआधी अर्धा तास, तेही मोजकेच आठवडे, जास्त दिवस घेतलं तर तोंडाच्या, जिभेच्या आपोआप हालचाली सुरू होऊ शकतात.

जेवल्यावर शुगर कोसळणं जवळपास थांबलंय. टीएसएचचं अजून कळायचंय, बदल केल्यावर सहा आठवडे तरी थांबून करायचा असतो तो.