बॅटरीचे शंभर टक्के म्हणजे नक्की किती?

नवा होता तेव्हा सात तास चालणारा लॅपटॉप तीन वर्षांनी चार तासांत मान टाकतो, पण चार्जिंग पूर्ण झालं की कोपऱ्यात आकडा मात्र शंभरच दिसतो. आकडा खोटा नाही. आज बॅटरीत जेवढं मावतं त्याचे ते शंभर टक्के आहेत. टाकी आतून लहान होत गेली तरी काटा 'फुल'वरच जाणार. त्यामुळे बॅटरीची तब्येत पाहायची तर टक्के बाजूला ठेवा आणि वॅट-अवर, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते तो आकडा, बघा.

विंडोजमध्ये हा आकडा आयताच मिळतो. कमांड प्रॉम्प्ट उघडा, इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग एक स्पेस, फॉरवर्ड स्लॅश आणि त्याला चिकटून बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा आणि एंटर दाबा. फाइल कुठे सेव्ह झाली ते तिथेच लिहून येतं. ती ब्राउझरमध्ये उघडा. 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे कारखान्यातून निघताना ठरलेली क्षमता, 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची. दोन्ही मिलिवॅट-अवरमध्ये असतात. समजा पहिली ५६,००० आणि दुसरी ४३,६८० आहे. भागाकार केला की ७८ टक्के. साधं टायपिंग आणि ब्राउझिंग करताना लॅपटॉप सरासरी ८ वॅट खात असेल, तर पूर्वी ७ तास मिळायचे ते आता साधारण साडेपाच मिळतील. रिपोर्टमध्ये साडेपाच तासांइतकी क्षमता आहे आणि प्रत्यक्षात तीनच तास मिळतायत, तर आधी बॅटरीला दोष देऊ नका. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर कोण खातंय ते बघा, स्क्रीनचा ब्राइटनेस बघा. १४ वॅट खाणारा लॅपटॉप याच बॅटरीवर तीन तासच चालणार.

मॅकवर सिस्टीम सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर 'बॅटरी हेल्थ' दिसतं, आणि सायकल काउंट, म्हणजे बॅटरीचे पूर्ण शंभर टक्के आजवर किती वेळा वापरले गेले तो आकडा, सिस्टीम रिपोर्टमध्ये 'पॉवर'खाली असतो. लिनक्सवाल्यांना हेच आकडे दाखवणारी यूपॉवर कमांड ठाऊक असतेच.

सायकल काउंटबद्दल एक गैरसमज आहे. चार्जर लावला की एक सायकल मोजली जात नाही. आज ४० टक्के वापरले, उद्या ६०, मधे कितीही वेळा पिन लावली-काढली, तरी हिशोब एकाच सायकलचा. बऱ्याच लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलनंतर ८० टक्क्यांच्या आसपास येतात. मॅकबुकसाठी अ‍ॅपल १००० सायकलचा आकडा देते. पण सायकल काउंट म्हणजे गाडीचे फक्त किलोमीटर. गाडी उन्हात उभी होती की सावलीत, हे त्यावरून कळत नाही, आणि लॅपटॉपच्या बॅटरीत बरंचसं नुकसान उभ्याउभ्याच होतं.

ते असं. लिथियम-आयन सेलमध्ये ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोलाइटपासून, म्हणजे सेलमधल्या द्रवापासून, एक पातळ थर तयार होतो. तो हवाच, नाहीतर इलेक्ट्रोलाइट सतत विघटित होत राहील. पण हा थर पुढेही हळूहळू जाड होत राहतो, आणि जाड होताना लिथियम गिळतो. थरात अडकलेलं लिथियम परत कामाला येत नाही. क्षमता जाते ती मुख्यतः इथे. सेल जितका गरम आणि जितका भरलेला, तितकी ही प्रक्रिया जलद. पूर्ण चार्ज सेलचं व्होल्टेज ४.२ असतं, काही सेलमध्ये ४.३५ किंवा ४.४. त्या पातळीवर धन बाजूच्या ऑक्साइडवरही ताण येतो.

किती फरक पडतो? २५ अंश सेल्सिअसला ४० टक्के चार्जवर वर्षभर पडून राहिलेल्या सेलमध्ये साधारण ९६ टक्के क्षमता उरते. पूर्ण भरून ठेवला तर साधारण ८०. तापमान ४० अंश असेल तर हेच आकडे ८५ आणि ६५ च्या आसपास. यात एकही सायकल झालेली नाही. आता चार्जर कायम लावलेला, आकडा शंभरवर आणि वर तासन् तास गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. चार्जर लावून ठेवल्याने बॅटरी 'ओव्हरचार्ज' होते हे खरं नाही, सर्किट ती वेळ येऊ देत नाही. पण भरलेली आणि तापलेली अशी ती दिवसभर बसून राहते, आणि ते पुरेसं आहे.

म्हणून एकच सेटिंग करायची असेल तर चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. लेनोव्हो, आसुस, डेल, एचपी यांच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हे कंपनीच्या अ‍ॅपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये) सापडतं, नावं मात्र प्रत्येकाची वेगळी. लॅपटॉप टेबलावरून हलतच नसेल आणि ६० चा पर्याय असेल तर तो घ्या. प्रवासाच्या दिवशी मर्यादा काढा, पण शक्यतो निघायच्या तासभर आधी. आदल्या रात्री शंभर करून सकाळपर्यंत तसंच ठेवण्यात अर्थ नाही. ८० ते १०० हा टप्पा तसाही वेळखाऊ असतो, कारण सेल भरत आला की चार्जर व्होल्टेज स्थिर धरतो आणि करंट कमी कमी करत नेतो.

'महिन्यातून एकदा पूर्ण उतरवा' हा सल्ला निकेल-कॅडमियमच्या जमान्यातला. त्या बॅटऱ्यांना मेमरी इफेक्ट होता, लिथियम-आयनला तशी अडचण नाही. उलट २० ते ८० मधली ये-जा तिला सर्वांत सोसते. पूर्ण उतरवण्याचा उपयोग होतो तो मोजणाऱ्या चिपला. ही चिप आत-बाहेर जाणारा करंट मोजून टक्के काढते, आणि महिनोन् महिने ५० ते ८० मध्येच फिरवलं तर तिचा अंदाज भरकटतो. मग रिपोर्टमध्ये क्षमता एका आठवड्यात दहा टक्क्यांनी घसरलेली दिसते. रसायन एवढ्या घाईने सहसा बिघडत नाही. बहुधा हिशोब चुकलेला असतो. तो जुळवायला कॅलिब्रेशन करा: मर्यादा काढून शंभर करा, दोन तास तसंच ठेवा, मग आपोआप बंद होईपर्यंत वापरा, तासभर थंड होऊ द्या आणि न थांबता पुन्हा पूर्ण चार्ज करा. तीन-चार महिन्यांतून एकदा पुरे. यानंतर आकडा वाढला तर तो फक्त खरा झालाय, बॅटरी तरुण झालेली नाही.

आता सर्वांत जास्त छळणारी तक्रार: ३० टक्के दिसत असताना लॅपटॉप एकदम बंद. इथे क्षमतेपेक्षा अंतर्गत रोध, म्हणजे बॅटरीच्या आतच करंटला होणारा अडथळा, महत्त्वाचा. तीन सेल एकापुढे एक जोडलेला पॅक घ्या. ३० टक्क्यांना त्याचं व्होल्टेज साधारण १०.८ आहे आणि प्रोसेसरने अचानक ४० वॅट मागितले. नव्या पॅकचा रोध ०.१५ ओहम धरला तर व्होल्टेज १०.२ पर्यंत उतरतं, काही बिघडत नाही. जुन्या पॅकमध्ये तोच रोध ०.४ ओहम झालेला असेल तर व्होल्टेज पडतं, पडलं की तेवढेच वॅट ओढायला करंट वाढतो, करंट वाढला की व्होल्टेज आणखी पडतं, आणि ते थेट ९ च्या काठावर येऊन थांबतं. प्रत्येक सेलमागे ३ व्होल्टला तोडणारं सर्किट असेल तर खेळ खलास. चार्ज आत शिल्लक आहे, पण बाहेर येऊ शकत नाही. पॉवर सेव्हर मोड लावून प्रोसेसरची उडी कमी केली की असा पॅक अजून काही महिने रेटता येतो. कॅलिब्रेशन करूनही बंद पडतच असेल तर बॅटरी बदलायची वेळ झाली.

लॅपटॉप दोन-तीन महिने बंद ठेवायचा असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. शून्यावर कपाटात टाकला तर आपोआप होणाऱ्या गळतीने सेल धोक्याच्या पातळीखाली जातो, ग्रॅफाइटमागची तांब्याची पट्टी विरघळू लागते, आणि मग संरक्षक सर्किट चार्जच घेऊ देत नाही. तसा पॅक जबरदस्तीने 'जिवंत' करण्याचे व्हिडिओ बघून प्रयोग करू नका.

टचपॅड क्लिक होईना, तळाचं झाकण फुगलंय, लॅपटॉप टेबलावर डगमगतोय: ही बॅटरी फुगल्याची चिन्हं. इलेक्ट्रोलाइटच्या विघटनातून वायू साठलेला असतो. चार्जर काढा, बंद करा, फुगलेल्या सेलच्या पिशवीला टाचणी लावायचा विचारही नको. ती बॅटरी ई-कचऱ्यातच जायला हवी.

स्वतः बदलताना आधी चार्ज २५ टक्क्यांच्या खाली आणा, झाकण उघडल्यावर सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मगच बाकीचं. चिकटवलेली असेल तर पट्टी हळूहळू ओढा किंवा प्लॅस्टिकचं चपटं साधन वापरा; स्क्रूड्रायव्हरने उचकटाल तर सेलला भोक पडेल. नवी बसवल्यावर लॅपटॉप सुरू झाला नाही तर घाबरू नका, काही पॅक चार्जर लावल्यावरच जागे होतात. मग लगेच तोच बॅटरी रिपोर्ट काढा. सायकल काउंट दिसत असेल तर तो शून्य किंवा एक-दोन असायला हवा, आणि डिझाइन कपॅसिटी लेबलवरच्या वॅट-अवरशी जुळायला हवी. नकली पॅक इथेही खोटं सांगू शकतात, म्हणून एकदा पूर्ण चार्जवरून बंद पडेपर्यंत घड्याळ लावून चालवा. पहिल्याच महिन्यात क्षमता डिझाइनच्या ९० टक्क्यांखाली गेली आणि कॅलिब्रेशननेही वर आली नाही, तर मुदत आहे तोवर परत करा.