पिलातानेही कायद्यानेच शिक्षा दिली होती ना?

२५ नोव्हेंबर २०१२, रविवार. ख्रिस्तराजाचा सण. त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी येरवड्यात कसाबला फाशी झाली होती. वसईत आमच्या नाक्यावर पेढे वाटले गेले, त्यातला एक मीही खाल्ला होता.

चर्चमधल्या सातच्या मिस्सेनंतर, म्हणजे रविवारच्या उपासनेनंतर, आठवीच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेत होते. त्या रविवारचं शुभवर्तमान योहानाचं, येशू रोमन सुभेदार पिलातासमोर उभा आहे, ज्याने पुढे त्याला क्रुसाची शिक्षा दिली, आणि पिलात विचारतो, ‘तू यहुद्यांचा राजा आहेस काय?’ मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. “टीचर, पिलातानेही कायद्यानेच शिक्षा दिली होती ना? मग फाशी चालते का आपल्यात?”

माझ्या वहीत उत्तर लिहिलेलं होतं. ‘लोकांचा जीव वाचवायला दुसरा मार्गच नसेल, तर मृत्युदंड देता येतो. असे प्रसंग आता जवळजवळ उरलेलेच नाहीत.’ कॅथलिक चर्चच्या अधिकृत शिकवणीचा जो ग्रंथ आहे, त्यातल्या परिच्छेद २२६७ चं हे सार. १९९२ साली ग्रंथ निघाला तेव्हा मृत्युदंडाला याहून जास्त मोकळीक होती. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या परिपत्रकात ती आवळली आणि १९९७ मध्ये ग्रंथातला मजकूरही बदलला. त्या मुलाला मी वहीतलं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. दुसरं मी वाचलं नाही.

कारण घरी पपा होते. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी ते विरार गाडीत, सेकंड क्लासच्या डब्यात उभे होते आणि त्याच गाडीच्या फर्स्ट क्लासमध्ये बॉम्ब फुटला. त्या दिवशी पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, १८० हून जास्त माणसं गेली. पपा रात्री दीड वाजता घरी आले, बरंचसं अंतर चालत. शर्टावर रक्त होतं, पण त्यांना कुठे ओरखडाही नव्हता. आईने तो शर्ट धुवायला टाकला नाही, विहिरीमागे नेऊन जाळला. पपा त्या वेळी पायरीवर बसून नुसते बघत होते. अशा माणसाच्या घरात राहून ‘असे प्रसंग उरलेले नाहीत’ हे वाक्य माझ्या तोंडून निघेना.

२ ऑगस्ट २०१८ ला व्हॅटिकनने त्याच परिच्छेदाचा नवा मजकूर जाहीर केला. मृत्युदंड अग्राह्य आहे, कारण तो माणसाच्या प्रतिष्ठेवर घाला आहे, आणि जगभर तो रद्द व्हावा म्हणून चर्च निर्धाराने झटेल. मी पपांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “पोप साहेबांना म्हणावं, एकदा विरार फास्टने येऊन बघा.” आणि उठून वाडीत गेले.

माझा राग वेगळा होता. परिच्छेदासोबत व्हॅटिकनच्या धर्मशिकवण विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल लदारिया यांचं बिशपांना पत्र होतं. त्यात म्हटलं होतं की हा शिकवणीचा विकास आहे, आधीच्या शिकवणीशी त्याचा विरोध नाही. मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. विद्वानांना त्यात बारकावे दिसत असतील. पण मी वर्गात उभी राहते. काल ‘चालते’ म्हणून सांगितलं आणि आज ‘चालत नाही’ म्हणून सांगते, तर तेरा वर्षांचं मूल त्याला बदलच म्हणणार, आणि ते खरंच बोलतंय. चुकलो होतो म्हणायला धर्मगुरूंची जीभ इतकी का अडते?

मला धीर आला तो पोप फ्रान्सिस यांचं एक आधीचं भाषण वाचून, ११ ऑक्टोबर २०१७ चं. पोपांचं स्वतःचं राज्य होतं तेव्हा तिथेही हा अमानुष उपाय वापरला गेला, न्यायाहून दया मोठी याचा तेव्हा विसर पडला, ती वृत्ती ख्रिस्ती कमी आणि कायदेबाज जास्त होती, हे त्यांनी त्यात उघड सांगितलं आहे. हे मोघम नाही. पोपांच्या राज्यात बुगाती नावाचा जल्लाद होता. १७९६ पासून १८६४ पर्यंत त्याने शिक्षा दिलेल्यांची त्याची स्वतःची यादी आहे, ५१६ जणांची. रोज मिस्सा होणाऱ्या शहरात हे चालत होतं. खुद्द व्हॅटिकनच्या कायद्यातून मृत्युदंड १९६९ साली गेला. तिथल्या गादीवर बसलेला माणूस ‘आम्ही हे केलं’ म्हणतो, तेव्हा पुढचं ‘आता करू नका’ मला ऐकावंसं वाटतं.

२०१८ च्या नाताळात, येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्यापाशी, तो मागच्या बाकावरचा मुलगा भेटला, आता दाढीवाला, कॉलेजात जाणारा. मी त्याला बाजूला घेतलं. म्हटलं, तू पिलाताबद्दल विचारलं होतंस, मी अर्धंच उत्तर दिलं, आणि आता तर ते अर्धंही राहिलं नाही. “मला आठवतही नाही, टीचर,” तो म्हणाला. तरी मी त्याला सगळं सांगितलं, तो मान हलवत उभा राहिला. घरी येऊन वहीतल्या त्या दोन ओळींवर एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला तारीख घातली.

२०१५ मध्ये विशेष न्यायालयाने गाडीतल्या स्फोटांसाठी पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. फाशीच्या पाचांतला एक २०२१ मध्ये तुरुंगातच कोविडने गेला. २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवलं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलंय. सुटलेल्यांना परत आत जावं लागलं नाही, तरी त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही, असं तिथे ठरलंय.

उच्च न्यायालयाचा निकाल आला त्या संध्याकाळी पपांनी टीव्ही बंद केला. पोपांचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, “त्या पाचांना लटकवलं असतं तर मी पेढे वाटले असते.”

मग जपमाळ घेतली. दरवर्षी जुलैमध्ये गाडीतल्या माणसांसाठी ते माळेचा एक दहाका, म्हणजे दहा मण्यांची प्रार्थना, जास्त म्हणतात, तो म्हटला. माळ खिशात ठेवता ठेवता माझ्याकडे न बघता विचारलं, “मग आपली माणसं मारली कोणी?”