ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकच्या प्लग वायरी: आधी बूट बघा, जाडी नंतर

डिझेल ट्रकला स्पार्क प्लगच नसतात, आणि ज्या पेट्रोल इंजिनात प्रत्येक प्लगवर थेट कॉइल (ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणारा भाग) बसते तिथे वायरी नसतात. हे लिखाण उरलेल्यांसाठी आहे: डिस्ट्रिब्युटरवाली (एकाच ठिकाणाहून सगळ्या प्लगना आळीपाळीने वीज वाटणारा भाग) जुनी इंजिनं किंवा कॉइल ते प्लग आखूड वायर असलेली व्ही-८.

मागे ट्रेलर आणि समोर लांब चढ असला की वेग पडतो, थ्रॉटल जवळपास पूर्ण उघडा राहतो आणि इंजिनभोवतीचा वारा कमी होतो. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणारा भाग) ५०० अंश सेल्सियसच्या पुढे सहज जातो. त्याच वेळी सिलिंडरमधला दाब वाढलेला असतो, त्यामुळे ठिणगी पडायला व्होल्टेजही जास्त लागतं. वायर सगळ्यात जास्त तापलेली असते तेव्हाच तिच्यावर विजेचा ताणही सगळ्यात जास्त असतो. आयडलला गुळगुळीत चालणारं इंजिन चढावर अडखळतं, त्यामागे अनेकदा हेच असतं.

पाकिटावर मोठ्या अक्षरात वायरीची जाडी, ८ मिमी किंवा ८.५ मिमी, छापलेली असते. पण आधी करपतो तो बूट (वायरीच्या टोकाची, प्लगवर बसणारी टोपी), कारण मॅनिफोल्डच्या सर्वात जवळ तोच. साधं रबर कडक होऊन तडकतं आणि ठिणगी प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवरून बाहेरूनच घसरते. एकदा तिथे काळी कार्बनची रेघ उमटली की पुढची ठिणगीही तीच वाट धरते, मग प्लगही बदलावाच लागतो. म्हणून आवरण आणि बूट दोन्ही सिलिकॉनचे घ्या. सिलिकॉन सतत २०० अंशांच्या आसपास टिकतं. हेडर (मॅनिफोल्डच्या जागी बसवलेल्या धुराच्या नळ्या) अगदी चिकटून असतील तर सिरॅमिक बूट. ते उष्णतेला भीत नाहीत, पण वाकत नाहीत आणि पाना लागला की फुटतात. बुटाचा कोन (सरळ, ४५, ९० की १३५ अंश) जुना काढून जुळवूनच मागवा. चुकीच्या कोनाचा महागडा बूट मॅनिफोल्डला टेकून जळतो.

वायरीचा आतला गाभा स्पायरल गुंडाळीचा (बारीक तार गुंडाळलेला) असावा. कार्बन गाभ्याचा रोध उष्णतेने आणि ओढाताणीने वाढत जातो. भरीव तांब्याच्या मोहात पडू नका: त्यातून रेडिओ खरखरतो आणि ईसीयूच्या (इंजिन चालवणारा संगणक) सेन्सरांनाही त्रास होतो.

बसवताना इंजिन थंड हवं. एका वेळी एकच वायर बदला, म्हणजे क्रम चुकत नाही. बूट आधी थोडा फिरवून मोकळा करा आणि बुटालाच धरून ओढा, वायरीला नाही. नव्या बुटाच्या आतल्या कडेला डायइलेक्ट्रिक (वीज न वाहून नेणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या. मॅनिफोल्डपासून किमान २५ मिमी अंतर ठेवा; जमत नसेल तिथे काचतंतूची बाही चढवा. प्लास्टिकच्या पट्ट्या तिथे वितळतात.

वायरी एकत्र आवळून समांतर नेऊ नका. जुन्या शेवरले स्मॉल ब्लॉकचा फायरिंग क्रम १-८-४-३-६-५-७-२. ५ आणि ७ हे सिलिंडर शेजारी आहेत आणि लागोपाठ पेटतात. दोन्ही वायरी चिकटून गेल्या तर ५च्या ठिणगीचा झटका ७ला वेळेआधी बसतो आणि तिथे नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके बसणं) होऊन पिस्टनची वाट लागते. या दोघींना वेगवेगळ्या सेपरेटरमधून (वायरी अलग ठेवणारी खाच) न्या, किंवा एकमेकींना काटकोनात ओलांडू द्या.

शंका आली तर रात्री अंधारात इंजिन चालू ठेवून वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारा, हात मात्र लांब ठेवा. निळी चमक दिसली की ती वायर गेली.