युकातान: मुक्काम मेरिदात, आधी उश्माल, मग चिचेन इत्सा

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात जाणारे बहुतेक जण कान्कूनच्या समुद्रावर हॉटेल घेतात आणि तिथून एका दिवसाच्या सहलीत चिचेन इत्सा हे इथल्या मूळच्या माया लोकांचं प्राचीन नगर उरकतात. माया लोकांचं काम खरोखर बघायचं असेल तर असं करू नका. जाण्यायेण्यात पाच तास जातात आणि पिरॅमिडसमोर पोचता ते नेमके भर दुपारी, सगळ्या बसगाड्यांबरोबर. आम्ही दोघं आणि सासूबाईंनी मुक्काम मेरिदा शहरात ठेवला आणि परतीच्या वाटेवर वायादोलिदला राहिलो. हाच क्रम मी सगळ्यांना सुचवते.

आम्ही जानेवारीत गेलो. डिसेंबर ते मार्च हवा कोरडी आणि सोसवेल अशी असते. एप्रिल-मे टाळाच. जून ते नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन किंवा शेंगेनचा वैध व्हिसा असला की मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. तरी नियम बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी वकिलातीच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

मेरिदा स्पॅनिशांनी १५४२ मध्ये वसवली, पण मोकळ्या माळावर नव्हे. तिथे तिहो नावाचं माया नगर होतं. त्याची मंदिरं उतरवून तेच दगड नव्या शहराला वापरले. मुख्य चौकातलं १५९८ मध्ये पुरं झालेलं कॅथेड्रल बाहेरून अगदी साधं आहे, पण त्याच्या भिंतींत तिहोचे दगड आहेत हे कळल्यावर पाय तिथून निघत नाही. चौकाच्या दक्षिणेला मेरिदा वसवणाऱ्या मोंतेहो घराण्याचा वाडा आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर भालेधारी स्पॅनिश शिपाई कोरलेत आणि त्यांच्या पायाखाली तोंड वासलेली माणसांची मुंडकी आहेत. जिंकणाऱ्याने आपली बाजू इतक्या उघडपणे दगडात लिहिलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

शहरात फिरणं सोपं आहे. सम आकड्यांचे रस्ते दक्षिणोत्तर, विषम आकड्यांचे पूर्व-पश्चिम; पत्ता विचारताना ‘साठ नंबरचा रस्ता, पंचावन्न आणि सत्तावन्नच्या मध्ये’ असं सांगितलं की कोणीही घरापर्यंत पोचवतं. रविवारी सकाळी पासेओ दे मोंतेहो हा मोठा रस्ता गाड्यांना बंद करून सायकलींना मोकळा ठेवतात. तिथल्या हवेल्या घायपातीच्या जातीच्या एनेकेन या झाडाच्या वाखातून मिळालेल्या पैशावर उभ्या राहिल्या. वाख काढण्याचं ते काम शेतावर कर्जात अडकलेल्या माया मजुरांनी केलं, हे त्या हवेल्या बघताना लक्षात असू द्या.

उश्माल हे दुसरं प्राचीन माया नगर मेरिदाहून सुमारे ८० किलोमीटर. माझ्या मते सगळ्या युकातानात हे सर्वांत देखणं ठिकाण आहे आणि चिचेन इत्साच्या आधी बघावं. या भागात नदी नाही आणि उत्तरेकडे जागोजागी दिसणारे सेनोते, म्हणजे चुनखडी कोसळून उघडे पडलेले पाण्याचे डोह, तेही इथे नाहीत. माणसं जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खोदून पावसाचं पाणी साठवायची. सह्याद्रीतले किल्ले चढलेल्या माणसाला टाक्याचं मोल सांगायला नको. म्हणूनच प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक कोपऱ्यावर पाऊसदेव चाकचे मुखवटे आहेत: वटारलेले डोळे, उघडा जबडा आणि वर वळलेली लांब सोंड. जवळ जाऊन बघा. मुखवटा एका दगडात कोरलेला नसतो. डोळा वेगळा, भुवई वेगळी, सोंड वेगळी, असे सुटे घडवलेले तुकडे भिंतीत बसवलेले आहेत. गव्हर्नरच्या प्रासादावर अशा हजारो तुकड्यांची नक्षी जवळजवळ शंभर मीटर लांब पसरली आहे आणि कुठे सांधा चुकलेला दिसत नाही.

आणखी एक गोष्ट मुद्दाम शोधा. काही दारांवर लाकडी तुळया आहेत, चिकूच्या लाकडाच्या. चिकूचं झाड मूळचं याच प्रदेशातलं. घोलवड-डहाणूच्या वाडीत आपण ज्याला फळापुरतं ओळखतो, त्याच्या लाकडावर माया लोकांनी दगडी मंदिरांचा भार टाकला आणि त्यातली काही लाकडं हजारेक वर्षांनंतरही शाबूत राहिली. सासूबाई त्या दाराखाली बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या.

तिथून गाडीने अर्ध्या तासात काबा हे आणखी एक माया नगर येतं. एका इमारतीची अख्खी दर्शनी भिंत चाकच्या सुमारे अडीचशे मुखवट्यांनी भरली आहे आणि आतल्या खोलीत चढायची पायरीसुद्धा सोंडेच्याच आकाराची. आम्ही गेलो तेव्हा तिथे आमच्याशिवाय जेमतेम चार माणसं होती. उश्माल आणि काबासाठी दिवसभराची गाडी ठरवा. बसने दोन्ही जमवणं कठीण जातं.

इसामाल हे सगळं पिवळ्या रंगात रंगवलेलं गाव. त्याचा फ्रान्सिस्कन पंथाचा ख्रिस्ती मठ माया पिरॅमिडच्या चौथऱ्यावरच बांधला आहे. आधी मठ बघा, मग चार गल्ल्या चालून किनिच काकमो या पिरॅमिडवर चढा. वरून गाव दिसतं तेव्हा मठाची उंची कशामुळे आली ते आपोआप कळतं. पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालीच थांबावं. मठ बांधवून घेणाऱ्या दिएगो दे लांदा या पाद्र्याने १५६२ मध्ये मानी गावात माया पोथ्या जाळल्या. पुढे त्यानेच लिहून ठेवलेल्या अक्षरांच्या टिपणाचा आधार घेऊन युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने १९५२ मध्ये माया लिपी वाचण्याची वाट दाखवली. जळून गेलेलं मात्र परत आलं नाही. आज माया भाषा बोलणारे सात-आठ लाख लोक युकातानात आहेत, बाजारात ती रोज कानावर पडते. तेव्हा ‘लुप्त झालेली माया संस्कृती’ हे शब्द गाइडने वापरले तर त्याला जरूर टोका.

चिचेन इत्साला वायादोलिदहून जा. अंतर पंचेचाळीस किलोमीटर. आठला दार उघडतं, तेव्हा दारात असा. पहिला दीड तास तुमचा. मोठ्या पिरॅमिडवर चढायला कैक वर्षांपासून बंदी आहे आणि ते योग्यच आहे. चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आणि वरची एक, मिळून ३६५. पायऱ्यांसमोर टाळी वाजवली की पाखराच्या चिवचिवाटासारखा प्रतिध्वनी येतो. १६८ मीटर लांबीचं चेंडूचं मैदान मात्र घाईत सोडू नका. रविवारी मेक्सिकन नागरिकांना प्रवेश मोफत असतो, म्हणून इतर वार निवडा. उश्माल आणि चिचेन इत्साला तिकिटं दोन असतात, एक केंद्राचं, एक राज्याचं. दोन्ही जपून ठेवा आणि रोख पेसो जवळ बाळगा.

दुपारी सेनोतेत उतरा. पाण्यात जाण्याआधी शॉवर घ्यावा लागतो, सनस्क्रीन चालत नाही. लाइफ जॅकेट घ्याच, डोह खोल असतात. द्वीपकल्पाच्या वायव्येला या डोहांचं एक मोठं कडं आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आदळलेल्या लघुग्रहाच्या विवराची ती कडा. त्याच सुमारास दख्खनवर लाव्हा वाहत होता, म्हणजे आपला सह्याद्रीचा कातळ आणि हे विवर एकाच काळातलं.

शाकाहारींनी पापाद्झुलेस मागावं: भोपळ्याच्या बियांच्या हिरव्या रश्शातली मक्याची पोळी, आत उकडलेलं अंडं. घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असते, तेव्हा ‘सिन मान्तेका’, म्हणजे चरबीशिवाय, असं सांगा. मांसाहारींनी केळीच्या पानात भाजलेली डुकराच्या मांसाची कोचिनिता पिबिल सकाळी बाजारातच खावी. दुपारपर्यंत ती संपते. आबानेरो मिरचीची चटणी आपल्या जिभेलाही जड जाते, आधी थेंबभर चाखा.

शहरांमधल्या प्रवासाला आदो कंपनीच्या बसगाड्या उत्तम. नवी माया रेल्वेही आहे, पण मेरिदाचं स्टेशन शहराबाहेर आहे; टॅक्सीचा वेळ धरा. परतीचं विमान कान्कूनहून असेल तर एवढं नक्की ध्यानात ठेवा: कान्कूनचं घड्याळ मेरिदा-वायादोलिदच्या एक तास पुढे असतं. बसचं तिकीट काढताना तो तास वजा करूनच निघायची वेळ ठरवा.