०४ की ०८

अनंत चतुर्दशीला दोन दिवस होते. ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या गल्लीत मंडपाने अर्धा रस्ता अडवलेला, रिक्षा आत येईना. काकू कोपऱ्यावरच उतरल्या. मागून शेजारचा मुलगा जुन्या चादरीत गुंडाळलेलं कॉम्प्युटरचं कॅबिनेट छातीशी धरून आला. माझ्या दुरुस्तीच्या काउंटरवर ठेवल्यावर काकूंनी आधी चादरीवरचं पावसाचं पाणी पुसलं, मग म्हणाल्या, "अगं, बोर्ड गेला म्हणतात. तू एकदा बघ. गेला असेल तर गेला."

काकू चरईत घरच्या घरी टाइपसेटिंग करतात. यजमानांचा ट्रेडलचा छापखाना होता. तो बंद झाल्यावर त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला आणि तेव्हापासून त्या दर वर्षी एका दिवाळी अंकाची पानं लावतात. यंदा पानं तयार होती, पण मुखपृष्ठाची फाइल उघडली की यंत्र मिनिट-मिनिट गप्प बसायचं. यंत्र २०१३ सालचं. एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय३ प्रोसेसर आणि ४ जीबीची एकच रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी. भाच्याने मायेने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ८ जीबीची आणून लावली, तर स्क्रीन काळी. पंखा फिरतो, दिवा लागतो, चित्र नाही.

एका दुकानात दाखवलं. तिथे ती नवी रॅम दुकानाच्या मशीनमध्ये लावून बघितली, ती चालली. म्हणजे रॅम चांगली, म्हणजे बोर्ड खराब. बोर्ड, प्रोसेसर, पुढच्या पिढीची डीडीआर४ रॅम असा सगळा मिळून बावीस हजारांचा आकडा त्यांनी सांगितला. काकूंची खरी धास्ती पैशांची नव्हती. त्यांची पंचवीस वर्षांची कामं जुन्या, युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमध्ये आहेत. ते सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे मागे लावायच्या किल्लीवर, चालतं आणि नव्या विंडोजवर ते उघडेल की नाही, याची कुणी खात्री देत नव्हतं.

मी अकरा वर्षं हे काम करते आणि "स्लॉट गेला, बोर्ड गेला" हे वाक्य मला फार लवकर उच्चारलं जाताना दिसतं. स्लॉट म्हणजे रॅम बसवायची प्लास्टिकची खोबण आणि तिच्यातले धातूचे पाय. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर पूर्वी बोर्डावरच्या नॉर्थब्रिज चिपमध्ये असायचा. प्रोसेसर बनवणाऱ्या एएमडीने २००३ मध्ये आणि इंटेलने २००८ मध्ये तो प्रोसेसरच्या आत नेला. तेव्हापासून रॅमचं दुखणं शोधताना बोर्डाइतकाच प्रोसेसरही बघावा लागतो.

म्हणून मी पहिल्यापासून सुरुवात केली. वायर काढली, पॉवरचं बटण दाबून उरलेली वीज जाऊ दिली. जुन्या रॅमचे सोनेरी पाय खोडरबराने हलक्या हाताने घासले, ब्रशने झटकले. जुनी रॅम पहिल्या स्लॉटमध्ये: चालू. दुसऱ्या स्लॉटमध्ये: तीही चालू. दोन्ही स्लॉट चांगले, बोर्ड चांगला. मग नवी एकटी पहिल्यात, एकटी दुसऱ्यात. दोन्हीकडे काळी स्क्रीन. बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा, सेल काढून सेटिंग पुसलं, तरी तेच.

आता माझी पंचाईत अशी, की रॅम दुसरीकडे चालली होती हेही खरंच होतं. रॅमच्या पायांमधली खाच बरोबर बसत होती. डीडीआर२, डीडीआर३ आणि डीडीआर४ यांच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात, त्यामुळे जोर लावून मोडतोड केल्याशिवाय चुकीची पिढी आत जातच नाही. ही डीडीआर३च होती, २४० पायांची, १.५ व्होल्टची. वेगही १६०० चा, जो या प्रोसेसरला चालतो. एच६१ वर दोनच स्लॉट, प्रत्येकी ८ जीबीपर्यंत. कागदावर कुठेच काही चुकत नव्हतं.

मी घड्याळजी वापरतात तसलं भिंग डोळ्याला लावलं आणि रॅमची पट्टी, म्हणजे स्टिक, ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. चिपवरची अक्षरं समोरून दिसत नाहीत, प्रकाश तिरका पडला की करड्या रंगात उमटतात. स्टिकच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ, एकूण सोळा चिप्स. प्रत्येकीवर सॅमसंग आणि खाली के४बी४जी०४४६. पुढचं एखादं अक्षर पुसट होतं, पण मला मधलंच हवं होतं. ४जी म्हणजे चिपची क्षमता ४ गिगाबिट. त्यानंतरचे दोन अंक सांगतात, की ही चिप एका वेळी किती बिट देते. आपल्या घरगुती रॅमवर तिथे सहसा ०८ असतं. इथे ०४ होतं.

मी स्टिक खाली ठेवली, पुन्हा उचलली, दुसऱ्या बाजूच्या आठही चिप्स वाचल्या. सगळीकडे ०४.

माळ्यावर एएम३+ सॉकेटचा जुना एएमडी बोर्ड पडून होता. तो काढला, पॉवर सप्लाय जोडला, स्टिक बसवली. बायोसने लगेच ८१९२ एमबी दाखवले. काकू स्टुलावरून उठून जवळ आल्या. "म्हणजे चांगली आहे की!"

"चांगलीच आहे काकू. तुमचा बोर्डही चांगला आहे. पण यांचं एकमेकांशी जुळत नाही."

त्यांना हे पटेना, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. मी कागद घेतला. प्रोसेसर रॅमकडून एका वेळी ६४ बिट मागतो. नेहमीच्या स्टिकवर आठ चिप्स प्रत्येकी ८ बिट देतात, आठ आठे चौसष्ट. मागच्या आठ चिप्सची पाळी वेगळी. या स्टिकवर मात्र सोळाच्या सोळा चिप्स एकदम उत्तर देतात, प्रत्येकी ४ बिट. बेरीज तीच आणि ४ गिगाबिटच्या सोळा चिप्स म्हणजे ६४ गिगाबिट, आठ बिटांचा एक बाइट धरून दोन्हीकडे ८ जीबीच. पण आतला पत्ता सांगायची पद्धत बदलते, ४ बिटवाल्या चिपला पत्त्याचा एक आकडा जास्त द्यावा लागतो. त्या काळच्या एएमडी प्रोसेसरना ही मांडणी समजते. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरना समजत नाही, त्यांना ८ किंवा १६ बिटवाल्या चिप्स लागतात.

काकू कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चौसष्ट पानांचं पुस्तक आहे. आठ पानी आठ फर्मे केले तरी चौसष्ट, चार पानी सोळा केले तरी चौसष्ट. पण बाइंडरला आठ पानीच फर्मा मोडता येत असेल, तर त्याच्यापुढे चार पानी टाकून काय उपयोग? पानं पुढची मागे जातील."

फर्मा म्हणजे छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा. इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. त्या दिवसापासून गिऱ्हाइकांना मी हेच सांगते.

स्टिकच्या स्टिकरवर, कोपऱ्यात, तिळाएवढ्या अक्षरांत 'एएमडी' छापलेलंही निघालं. बारकोडच्या काळ्या रेघांना चिकटून. भाच्याला ते दिसणं शक्यच नव्हतं. ज्याने विकली त्याने मात्र तोंडाने सांगायला हवं होतं, "मशीन कुठलं आहे?" एवढा एक प्रश्न पुरला असता. त्या एका न विचारलेल्या प्रश्नापायी एक चालतं यंत्र भंगारात निघालं होतं, याचा मला आजही राग येतो.

पुढचं सोपं होतं. ड्रॉवरमध्ये ०८ वाली ८ जीबीची स्टिक होती, एका बंद पडलेल्या मशीनमधून काढलेली. ती जुन्या ४ जीबीच्या शेजारी लावली. जुनी १३३३ ची, त्यामुळे दोघी १३३३ वरच चालणार. त्याने काकूंच्या कामात काही फरक पडत नाही. विंडोज ६४ बिटची होती हे बघून घेतलं. ३२ बिटची असती तर ४ जीबीच्या पुढे घातलेलं सगळं वाया. बायोसमध्ये १२ जीबी दिसले, तरी मी मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, लावून दिला. दिवाळी अंकाची फाइल अर्ध्यात बिघडली तर त्याला माफी नाही. काकू घरी गेल्या नाहीत. चहा घेतला, मंडपातली आरती ऐकली, पर्समधून छापील पानं काढून तपासत बसल्या.

सातच्या सुमारास पहिली फेरी संपली, चुका शून्य. मी विंडोज सुरू केलं. काकूंनी रुमालाच्या गाठीतून डोंगल काढून स्वतः मागे लावला आणि मुखपृष्ठ उघडलं. उघडलं, तसंच मोठं केलं, कोपऱ्यातल्या मजकुरापर्यंत नेलं. तिथे 'कवीता' असं दीर्घ पडलं होतं.

"बघ, हळू चालायचं म्हणून इतकं मोठं करून बघितलंच नव्हतं," म्हणाल्या, आणि माझ्या काउंटरवर उभ्या उभ्या वेलांटी ऱ्हस्व करून फाइल सेव्ह केली. "आता कर बंद. आणि ती तुझी रॅम केवढ्याची, ते सांग."