भोपळ्याला फुलं येतात, फळ का धरत नाही?

“काकू, वेल नुसता माजलाय. रोज सकाळी पिवळीधमक फुलं दिसतात, पण एक भोपळा धरेल तर शपथ! काय घालू त्याला?”

श्रावण लागला की हा प्रश्न मला भाजीच्या गाडीवर, देवळात, हळदीकुंकवाला, कुठेही गाठतो. विचारणारी व्यक्ती बहुधा एखाद्या खताचं किंवा औषधाचं नाव ऐकायच्या तयारीनं आलेली असते. मी उलट विचारते, “वेलाकडे सकाळी किती वाजता जाता?” उत्तर ठरलेलं असतं: डबे झाले, पाणी भरून झालं की, साडेनऊ-दहाला. तोवर त्या दिवसाचा सगळा कारभार आटोपलेला असतो.

लाल भोपळा म्हणा, डांगर म्हणा, गंगाफळ म्हणा, त्याचं फूल उजाडताना उमलतं आणि ऊन चढायला लागलं की मिटतं. एकदा मिटलं की पुन्हा उघडत नाही. जे काय व्हायचं ते तेवढ्यात. त्यातून नर फुलं वेगळी, मादी फुलं वेगळी, दोन्ही एकाच वेलावर. ओळखायला अगदी सोपी. नर फूल लांब, बारीक देठावर ताठ उभं असतं. मादीचा देठ आखूड, आणि पाकळ्यांच्या खाली गोटीएवढा इवलासा भोपळा आधीच तयार असतो. तो पाहूनच लोक खूश होतात, “धरला!” म्हणतात, आणि चार दिवसांनी तो पिवळा पडून गळाला की माझ्याकडे येतात. तो धरलेला नसतोच. परागकण मिळाले तरच तो पुढे वाढतो.

वेल आधी नर फुलंच काढतो, मादी फुलं आठ-दहा दिवसांनी मागून येतात. त्यामुळे सुरुवातीला गळून पडणाऱ्या फुलांचं दुःख करू नका. ती गळायचीच. त्यांची भजी करा. दोन-चार वेलावर राहू द्या म्हणजे झालं.

आता खरी अडचण. भोपळ्याचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्यावर उडत नाहीत. त्यांना वाहून न्यायला माशीच लागते. हे पीक मूळचं अमेरिका खंडातलं. तिकडे भोपळ्याच्या फुलांवरच जगणाऱ्या खास मधमाश्या आहेत. त्या जमिनीत बिळं करून राहतात आणि सूर्य उगवायच्या आधीच फुलांवर हजर होतात. भोपळा आपल्याकडे आला, त्या काही आल्या नाहीत. इथे तो आपल्या सातेरी, फुलोरी, पोयाच्या माश्या आणि तो गुंगुं करणारा मोठा काळा भुंगा यांच्या भरवशावर आहे. खेड्यात, शेताच्या बांधाला ही मंडळी भरपूर. चारी बाजूंनी बिल्डिंगा असलेल्या रो-हाउसच्या मागच्या अंगणात कुठून येणार? त्यात पावसाळी पीक असेल तर सकाळच्या सरीनं पराग धुऊन जातात आणि माश्याही बाहेर पडत नाहीत. आणि सकाळी सकाळी फवारणी करणारेही आहेतच. मावा ही कीड मेली, तिच्याबरोबर माशीही मेली. काही फवारायचंच असेल, अगदी निंबोळी अर्क असला तरी, संध्याकाळी फवारा.

“पण पूर्वी उकिरड्यावर टाकलेल्या बियांना कसे डझनावारी लागायचे?” हा पुढचा प्रश्न, आणि तो रास्त आहे. उकिरड्यातलं खत कुजलेलं असायचं, हळूहळू मिळायचं. शिवाय आजूबाजूला माश्यांना काही तोटा नव्हता. आपण काय करतो, वेल जरा फिका दिसला की मूठभर युरिया. मग पानं सुपाएवढी होतात, वेल भिंत चढून शेजाऱ्याकडे जातो, आणि मादी फुलं कमी होतात. जास्त नत्र, कडक ऊन, मोठा दिवस या तिन्हींनी वेल नर फुलांकडे झुकतो. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या वेलाला एप्रिलमध्ये नुसती नर फुलं दिसतात ती म्हणूनच. म्हणून “काय घालू” याला माझं उत्तर: काही घालू नका. लावताना खड्ड्यात दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत पुरे.

त्यापेक्षा सकाळी लवकर उठा. आदल्या संध्याकाळीच कळ्या बघून ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी टोकाला पिवळी पडते. सहा-साडेसहाला ताजं नर फूल देठासकट तोडायचं, त्याच्या पाकळ्या ओरबाडून टाकायच्या. मधे पिवळ्या भुकटीनं माखलेला दांडा उरतो. बोटाला लावून बघा, भुकटी लागली पाहिजे. ओलसर, पांढुरका वाटला तर दुसरं फूल घ्या. मादी फुलाच्या आत जाडसर, गुबगुबीत असे तीन भाग दिसतात. त्या तिन्हींवर हा दांडा हलक्या हातानं फिरवायचा. एकाच बाजूला लावलं तर एकाच बाजूला बिया भरतात आणि भोपळा वेडावाकडा वाढतो. एका मादीला दोन नर फुलं वापरली तरी हरकत नाही. पाऊस असेल तर फुलाचं तोंड दोऱ्यानं अलगद बांधून टाका. पुढच्या वर्षाचं बी धरायचं असेल तर दोन्ही कळ्या आदल्या संध्याकाळीच बांधाव्या लागतात, नाहीतर माशी कुणाच्या वेलाचे पराग आणेल सांगता येत नाही. (शेजारी कारलं असलं तर भोपळा कडू होतो का, हेही विचारतात. नाही होत. कारल्याच्या परागांचा भोपळ्याला काही उपयोग नाही.)

तीन-चार दिवसांत गोटीचं लिंबू होतं आणि देठ जाड व्हायला लागतो. मग धरला म्हणा.

लिंबाएवढं, मोसंबीएवढं होऊनही फळ सडलं, तर मात्र दुखणं वेगळं. फळ हातात घेऊन नीट बघा. सालीवर टाचणीनं टोचल्यासारखं भोक आणि त्यावर डिंकासारखा थेंब दिसला की ती फळमाशी. चिरून बघितलं तर आत पांढऱ्या अळ्या वळवळत असतात. असं फळ तिथेच टाकू नका, खतातही नको. अळी मातीत जाऊन कोष करते आणि नवी माशी होऊन वर येते. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, अळ्या मरू देत. क्यू ल्युअर या गंधाचं आमिष लावलेला फळमाशीचा सापळा कृषी सेवा केंद्रात मिळतो. त्यात नरच अडकतात, म्हणून एकट्या सापळ्यावर विसंबू नये. धरलेल्या फळाला जुन्या सुती कापडाची सैल पिशवी घालणं मला सगळ्यात बरं वाटतं. स्वस्त आणि खात्रीचं.

आणि वेलावर दोन-तीन भोपळे आधीच पोसत असतील, तर नंतरची मादी फुलं तो आपणहून गाळतो. त्याला झेपतील तेवढेच ठेवतो. तिथे हातानं पराग लावूनही काही होत नाही. उगीच खटपट करू नये.

काढायचा कधी, तर पेरल्यापासून साधारण साडेतीन-चार महिन्यांनी. सालीची चकाकी गेली, देठ वाळून लाकडासारखा झाला आणि नख रुतेनासं झालं की. दोन-तीन इंच देठ ठेवून कापा आणि देठाला धरून उचलू नका. देठ तुटला की तिथूनच सडायला सुरुवात होते. आठ-दहा दिवस उबदार, हवेशीर जागी ठेवला की साल कडक होते. मग कोरड्या जागी, एकमेकांना न टेकवता ठेवलेले भोपळे महिनोन् महिने टिकतात. फोडला की मात्र बिया आणि मधला रेषाळ गाभा काढून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस, फार तर आठवडा. पाच-सहा किलोचा भोपळा फोडायचा तर घारगे, भरीत, भाजी करूनही उरतो. एक फोड इकडे, एक तिकडे द्यावी लागते. आता घरात माणसं कमी, म्हणून मी अर्का चंदन या जातीचं बी लावते. त्याचं फळ दोन-तीन किलोंचंच असतं.