पदरवाडीच्या वरचे रान

कल्याणहून निघालेल्या आमच्या पायी वारीचे पहिले तीन दिवस मला आता एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. बदलापूर, नेरळ, कशेळे ही गावे मागे पडत गेली. डांबरी रस्ता, अंगावर चिखल उडवीत जाणारे ट्रक, देवळाच्या ओसरीवर काढलेली रात्र आणि पहाटेच्या आरतीला दुखऱ्या पायांनी उभे राहणे एवढेच लक्षात राहिले आहे. श्रावणी सोमवारी भीमाशंकराचे दर्शन घ्यायचे, या एका ओढीने सगळे चालत होते.

मी मात्र झोप मागायला निघाले होते. आई गेल्यापासून दोन वर्षे मी रात्री अडीचला दचकून उठत असे आणि उजाडेपर्यंत छातीतली धडधड मोजत बसत असे. उपचार चालू होते, आजही आहेत. जागरणाच्या त्या रात्रींत मी पुष्कळ वाचले. रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मनात घर करून राहिला होता: पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. जपानच्या वनखात्याने 1982 मध्ये पुढे आणलेल्या 'वनस्नाना'विषयीही, म्हणजे रानात संथपणे, सगळ्या इंद्रियांनी रमण्याविषयीही, वाचले होते. पण वाचून झोप येत नाही.

चौथ्या दिवशी खांडस सोडून आम्ही गणेश घाटाला लागलो. पदरगड धुक्यात होता. दुपारपर्यंत माझ्या डाव्या टाचेवरचा फोड फुटला आणि ओला मोजा त्या कातडीला चिकटून बसला. पुढच्या टोळक्यातील कोणीतरी पाठीवरच्या पिशवीत स्पीकर लावला होता, त्यावरची गाणी दरीभर घुमत होती. वाटेत वेफर्सची रिकामी पाकिटे पडली होती. "हर हर महादेव"चा गजर झाला की माझ्याही तोंडून तो निघत होता आणि त्याच क्षणी मला या सगळ्या माणसांचा संताप येत होता. भक्ती आणि राग एकाच श्वासात असू शकतात, हे मी त्या चढावर अनुभवले.

पदरवाडीच्या पुढे, दोन वाटा एकत्र येतात तिथे, चहाची एक झोपडी होती. आतल्या म्हातारीने माझ्याकडे पाहिले आणि चहा विचारण्याआधीच म्हणाली, "पोरी, बूट काढ आधी." तिने चुलीवरचे कोमट पाणी पितळी परातीत ओतले, माझा पाय त्यात धरला आणि मोजा ओढून न काढता भिजू दिला. तो आपोआप सुटून आला. मग तिने जुन्या लुगड्याची धुतलेली चिंधी फाडून टाचेला बांधली. चिंधीला धुराचा वास होता. तिने कुठली, कोण, काहीच विचारले नाही, मीच एकाएकी म्हणाले, "आजी, मला झोप लागत नाही हो." ती चुलीत लाकूड सारीत म्हणाली, "आता वर रान लागेल. घाई नको करू." पैसे घेतले ते फक्त चहाचे.

माझे सोबती पुढे गेले होते, म्हणून वरचे रान मला जवळजवळ एकटीला मिळाले. पाऊस थांबला होता, पण झाडांखाली तो पडतच होता. वरच्या पानावरून खालच्या पानावर, तिथून माझ्या मानेवर. अंजनाच्या खोडावर तळहात ठेवला तर शेवाळ भिजल्या लोकरीसारखे दबले आणि बोटांच्या फटींतून गार पाणी आले. कुजत्या पाल्याचा, ओल्या मातीचा दाट वास होता. कुठेतरी शीळकरी कस्तुर गात होता, अगदी एखादा माणूस रमतगमत शीळ घालीत जावा तसा, आणि त्याची पुढची लकेर कोणीकडे वळेल हे ऐकण्यासाठी मी थांबून राहिले. मन एकाग्र करण्याचे सारे व्यायाम मी करून पाहिले होते. त्यांत मनाला पकडून आणावे लागते. इथे ते स्वतःहून शिळेमागे, वासामागे गेले. वर फांदीवरून शेकरू पलीकडे झेपावले आणि थेंबांचा सडा अंगावर आला. तेव्हा लक्षात आले की धडधड मोजायची राहून गेली आहे. मी तिथे दगडावर बसून खूप रडले. दोन वर्षांत आईसाठी असे रडता आले नव्हते.

हे रान 1985 पासून अभयारण्य आहे, तरीही स्पीकर आणि पाकिटे वरपर्यंत पोहोचतात, याचे मला मनापासून दुःख होते. देवापाशी येताना देवाचे अंगण असे का तुडवावे?

वर रांगेत पाच तास गेले, दर्शन क्षणभर झाले, आणि चिमाजी अप्पांच्या स्वारीतून आलेली ती पोर्तुगीज घंटा गर्दीतून ओझरती दिसली.

मंगळवारी सारे एसटीने परतले. आम्ही तिघी त्याच वाटेने पायी उतरलो. म्हातारी चुलीपाशीच होती. तिने मान वर न करता विचारले, "झोपलीस का गं?"

"चार तास," मी म्हणाले.

तिने चहाचे आधण ठेवले.